अक्काची हाक

प्रिय अक्का,

आपल्या सुमाला मुलगी झाली! म्हणून लिहायला बसलो. तू गेलीस तेव्हा सुमा केवढीशी होती. काल पाळण्याशी बसून विचारते, "मामा, आई मला हाक कशी मारायची रे? बाळाला तशीच मारायचीय."

काय सांगू? भाषांच्या अभ्यासासाठी तू जमवलेल्या सगळ्या कॅसेटी ऐकल्या. आयरिश म्हातारे सापडले, वेल्सच्या बाया सापडल्या. तुझा आवाज कुठेच नाही. स्वतःसाठी एकदा तरी बटण दाबायचंस की गं!

आठवतं? माझं शिलाईचं दुकान तेव्हा एका मशीनचं. रविवारी येऊन माझ्या कानाला हेडफोन लावायचीस. "राजू, तुझे कान तिखट. हा आयरिश, ही वेल्सची. दोघं 'ऐकणं' म्हणतायत. काय सारखं?"

"अय्यो, सुरुवातीचं 'क्ल'."

"शाब्बास! या दोघींसारख्या सगळ्या केल्टिक भाषांच्या आजीच्या तोंडी हे क्रियापद कसं असेल, ते असंच लेकींकडून जुळवायचं." जुळलेल्या रूपाआधी एक तारा काढायचीस. म्हणजे हे कुणी ऐकलेलं नाही, आपला अंदाज.

"इतकं जुनं क्रियापद आता वापरणार कोण गं?"

"तू गप टाके घाल."

किती हसायचो!

तर काल तुझीच रीत वापरली. नंजनगूडला आपल्या धाकट्या बहिणीला, शशीला फोन, सरगूरला मावशीच्या विमलला फोन. "अक्का सुमाला कशी बोलवायची? म्हणून दाखव." दोघींनी कानडीतली एकच 'ये गं'ची हाक दिली, "बारे सुमीऽऽ!" शेवट वर ओढून. जुळलं की! धावत जाऊन सुमाला ऐकवली.

ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "मामा, ही तर तुझी हाक! दुकानाच्या दारातून पार बन्नीमंटपाच्या मैदानापर्यंत जायची. दोघी तुझ्याकडूनच शिकल्या."

तू बजावायचीस ना, सारखं दिसलं म्हणून वारशाचं समजू नकोस, शेजारून उसनंही असतं? विसरलो बघ.

शशीला पुन्हा फोन केला. ती म्हणाली, "अण्णा, अक्का हाक मारायचीच कुठे? उठून जवळ यायची. खांद्यावर हात ठेवायची, मग हळू बोलायची."

विमलही तेच म्हणाली. सुमाला सांगितलं, तर तिचा हात आपोआप स्वतःच्या खांद्यावर गेला.

अक्का, माझे गुडघे आता कुरकुरतात. तरी या पोरीला दारातून ओरडून बोलावणार नाही. दरवेळी उठेन, जवळ जाईन.

तुझा,
राजू