पहिल्यापासून सांग

आई,

काल इथल्या, जपानच्या, वरच्या कोर्टात दुभाषी म्हणून बसले होते. आरोपी आपण राहायचो त्याच हिंदी मुलखातला, इथे कारखान्यात कामाला असलेला माणूस. खालच्या कोर्टाने शिक्षा दिली म्हणून अपिलात आलेला. तीन न्यायाधीश येऊन बसले तसं त्याने विचारलं, "मैडम, अब शुरू से बताऊँ ना?" मी ते जपानीत सांगितलं. उत्तर आलं, ते सगळं खालच्या कोर्टाच्या कागदांत आहे, पुन्हा ऐकायची गरज नाही. तेही मीच त्याला हिंदीत सांगितलं. निकालाची तारीख मिळाली आणि सगळे उठले. तो मात्र तसाच बसून माझ्याकडे बघत राहिला.

मला आपलं इंद्रपुरीजवळचं क्वार्टर आठवलं. बाबा ड्यूटीवरून येतात, बूट काढता काढता कशाला तरी नाही म्हणतात आणि वर चिडवतात, "जा, हायकोर्टात अपील कर." हायकोर्ट म्हणजे तू, पोळ्या लाटणारी. मी रडत अर्ध्यातूनच सुरू करते. तू थांबवतेस. "असं नाही. पहिल्यापासून सांग."

"बाबांना सांगितलंय ना सगळं!"

"त्यांना सांगितलंस. मला कुठे सांगितलंस?"

जपानला शिकायला जायचा हट्टही असाच तुझ्यापुढे आला. पोळ्या संपल्या, गॅस बंद झाला, तरी तू ऐकत होतीस. मग म्हणालीस, "अहो, जाऊ द्या तिला." बाबांनी वाद घातला नाही. तुझं पोट तेव्हाही दुखत होतं, हे मला फार नंतर कळलं. साकेत नगरच्या बाजूच्या हॉस्पिटलात तुला नेलं, तेव्हा मी इथे परीक्षेचा अभ्यास करत होते. पोचले तोवर सगळं संपलं होतं; बाबा दारातच म्हणाले, "तुला कळवू नका म्हणाली. पेपर आहेत म्हणाली." तो तुझा निकाल. त्यावर अपील कुठे करायचं? मला तुझा भयंकर राग आला होता, आई. अजून येतो.

इथे या कोर्टाच्याही वर एक कोर्ट आहे, पण ते बहुतेक कायदाच बघतं, काय घडलं ते नाही. तो माणूस तरीही तिथे जाणार म्हणतो.

हे कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून सांगते. काल घरी येऊन एकटीपुरत्या पोळ्या लाटायला घेतल्या आणि मोठ्याने विचारलं, "आई, कधीपासून दुखत होतं तुला? पहिल्यापासून सांग."

उत्तरासाठी थांबलेसुद्धा. पोळी करपली.