वीरभद्राची काठी

शुक्रवार पेठ, सोलापूर
४ मार्च २०२४

चि. दानेश्वरीस मल्लप्पाचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र पोचलं. फोनवर ओरडून तुझा घसा बसतो आणि मला काही ऐकू येत नाही, त्यापेक्षा हे बरं. तुझा प्रभु यंदा वीरभद्राची काठी उचलणार, वाचून डोळे भरले. भाच्याच्या रूपानं मीच बाराबंदी घालून निघालो असं वाटलं. तो उंच बांबू, शेंड्याला मोरपिसं आणि हलगीच्या ठेक्यावर कडव्यामागून कडवं यावं तशी पावलं! शाळेत कविता शिकवताना मी टेबलावर तोच ठेका धरायचो.

खालच्या आळीचा आदिनाथ काठीचा मान मागतोय, लाठ्या निघतील, अशी तुला धास्ती. वेडी आहेस. जत्रेतली मारामारी म्हणजे रंगपंचमी. दुसऱ्या दिवशी सगळे एका पंगतीला! प्रभुला एवढंच सांग, दुसऱ्याचे हात लागल्याशिवाय काठी सोडायची नाही. ती भुईला टेकली की गावाची जत्रा कायमची मोडली.

सुनेस आशीर्वाद. लोभ आहेच, त्यात भर पडू दे.

तुझा अण्णा


१४ मार्च

तीर्थरूप अण्णांना दानेश्वरीचा शि. सा. नमस्कार.

झाली तुमची रंगपंचमी. रक्ताची झाली.

वेशीपाशी खालच्या आळीनं वाट अडवली. प्रभुचे दोन्ही हात काठीला. आदिनाथनं त्याच्या मनगटावर लाठी घातली. हाड मोडल्यालं मला हलगीतनंही ऐकू आलं. काठी बायकापोरांवर कलली. म्हटलं, मेलो आता. तर त्याच आदिनाथनं लाठी टाकली आणि काठीला मिठी मारली. आता त्याचे हात अडकले. प्रभुनं डाव्या हातानं तीच लाठी उचलली. बोटांवर, गुडघ्यांवर, शेवटी तोंडावर. आरं बास, मरंल की त्यो, म्हणून मी बोंबलत होते. आदिनाथ गुडघ्यावर आला, तोंड रक्तानं भरलं, तरी सोडीना. पुजाऱ्यानं काठीला हात लावला तवा कुठं कोसळला.

तो तिकडं सोलापुरात दवाखान्यात हाय. आपल्या आळीनं विभूती हातात घेऊन शपथ घेतलीय, काठीच त्याच्यावर पडली असं पोलिसांना सांगायचं. तुमची भाषा चांगली. तसा जबाब लिहून पाठवा, न्हायतर माझा एकुलता एक जेलात जातोय.

माया पातळ करू नका.

दानेश्वरी


१७ मार्च

चि. दानेश्वरीस आशीर्वाद.

दवाखान्यात जाऊन आलो. आदिनाथची बोटं ठेचलीत, डावा डोळा गेला. बायको वैजयंती चमच्यानं पेज भरवत होती. मी प्रभुचा मामा म्हटल्यावर ती उठली. आता चप्पल काढते वाटलं, पण तिनं स्टूल पुढं केलं.

त्यानं काठीचं काय झालं ते विचारलं. मला ऐकू येईना, म्हणून वैजयंतीनं कानात ओरडून सांगितलं. सगळा वॉर्ड वळला. पडली नाही, म्हणालो. मग आपल्या आळीचा जबाब सांगितला. मोडक्या जबड्यानं तो म्हणाला, वैजयंतीनं कानात सांगितलं, की मारलं ते मारलं, मीही मनगट मोडलंच की; पण काठी पडली म्हणणार असाल तर मी मार कशापायी खाल्ला?

दानू, जन्मभर पोरांना सुंदर वाक्यं शिकवली. हे एक माझ्याच्यानं लिहवत नाही.

रागावलीस तरी आठवण ठेव.

अण्णा


२२ मार्च

तीर्थरूप अण्णांना नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी तुम्हाला आणि तुमच्या कवितांना लई शिव्या दिल्या. प्रभुनं मात्र परत वाच म्हणून सांगितलं. सकाळी उठून तो फौजदाराकडं गेला. काठी पडली न्हाय, मी मारलं, म्हणाला. आत घातलंय त्याला.

तवापास्नं आपलीच आळी घरावर दगड टाकतीय. शपथ मोडली म्हणत्यात. आता लिहितानाही पत्रा वाजतोय. सून लेकराचे कान दाबून कोपऱ्यात बसलीय.

दुधाच्या टेम्पोवाल्याकडं कडक भाकरी आणि शेंगाचटणी दिलीय. वैजयंतीला नेऊन द्या. प्रभुच्या आईनं केलीय म्हणून सांगा, लपवू नका. खायची का तोंडावर फेकायची, तिचं ती ठरवंल. फेकली तर उचलून घ्या आणि उद्या परत जावा, मी रोज पाठवीन.

राग हाय, मायाही हाय.

दानेश्वरी