सासूबाईंचा पांढरा रुमाल

१४ मे १९६५
विमानाची घरघर आली की आधी तंदूर विझवायचा. धूर दिसला की बॉम्ब! आज पहाटेच रोट्या भाजून खिंडीत पाठवल्या. आमचे हे, कावेस, तिथे आहेत, सरकारशी लढणाऱ्या पेशमर्गांबरोबर. समोर सरकारी फौज. आणि फौजेच्या पुढे कोण? पगारी नेमलेले आपलेच कुर्द. त्यांत माझा धाकटा भाऊ, बेस्तून.

सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या भावाला सरकारचा पगार गोड लागला." उठता-बसता हेच. मी पीठ मळत राहिले.

१५ मे
शेजारची हपसा रोट्या पोचवून हसत परत आली. गोळीबार थांबला की दोन्हीकडून टोमणे सुरू होतात म्हणे. आमचे हे ओरडले, "मेहुण्या, सरकार जेवायला घालतं की नुसता चहा पाजतं?" बेस्तूनचं उत्तर — "रोटीचा वास इथवर येतोय. ताईला सांगा, करपलीय!"

करपली नव्हती. खूप हसले, मग रडू आलं. दोघांपैकी कुणाचा नेम चुकावा म्हणून देवाला सांगू?

१६ मे
दिवसभर तोफा. लिहवत नाही.

१७ मे
हपसा सकाळी टोपली परत द्यायला आली. गोठ्यात सासूबाईंशी काहीतरी बोलली आणि माझ्याकडे न बघताच गेली. जरा वेळानं सासूबाई बाहेर आल्या त्या सणाचा पांढरा रुमाल डोक्याला बांधून.

"कुठे निघालात?"

"खिंडीत."

भांडणाऱ्या पुरुषांमध्ये म्हातारीनं डोक्यावरचा रुमाल टाकला की हत्यारं खाली ठेवायची, हे आमच्यात पूर्वापार. पण ते पाण्यावरून, मेंढ्यांवरून जुंपते तेव्हा! मी म्हटलं, "तोफेला काय कळतंय रुमालातलं?"

"तोफेला नाही कळत. पुढे उभ्या पोरांना आया आहेत ना?"

हट्टी बाई. गेल्याच.

१८ मे
थांबलं! रुमाल पडला तशा पगारी पोरांनी बंदुका खाली ठेवल्या आणि डोंगर उतरून आपापल्या गावी गेली. पुढे चालायला कुणी उरलं नाही, तेव्हा फौजही मागे सरली. बेस्तून दारात आला, हातात तो रुमाल, नीट घडी घातलेला. मान वर करेना. लाज वाटत असेल.

सासूबाईंनी त्याला आत घेतलं, ताक दिलं. इतके दिवस ज्याच्या नावानं बोटं मोडली, त्याला! मी तोंड उघडणार तोच म्हणाल्या, "आज या घरात कुणी कुणाला काही विचारायचं नाही."

कावेस उद्या येतीलच. सुक्या तुती काढून ठेवल्यात.

१९ मे
सासूबाईंनी अंगणात काळा रंग उकळायला ठेवला. पांढरा रुमाल त्यात बुडवला. मग माझ्या डोक्यावरच्या रुमालासाठी हात पुढे केला.

"कावेस गेल्याचं परवाच कळलं होतं, पोरी. तुझा भाऊ तरी राहावा म्हणून खिंडीत गेले."

मी रुमाल सोडून त्यांच्या हातात दिला.