सोन्याच्या कातडीचा माणूस

आण्णा, परवा रविवारी दुपारी मी तुमच्या नातीला सांगलीत सिनेमाला घेऊन गेले. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. तुम्ही गेल्यावर दोन वर्षांनी ती झाली, आता बारा वर्षांची आहे आणि वाद घालण्यात तुमच्यावर गेली आहे. सिनेमा तुमच्या आवडीचा होता, म्हणजे तुम्हाला बघायला आवडायचा आणि बघता बघता त्याची सालटी काढायला त्याहून जास्त आवडायचं, तसला. उडणारी माणसं, हातमोज्यातून निघणारा जाळ, भिंतीपलीकडचं दाखवणारे चष्मे. त्या दिवशी आमच्या मागच्या रांगेत जे झालं त्यासाठी हे पत्र लिहिते आहे. पण त्याआधी थोडं मागचं सांगते, कारण तुम्हाला काय आठवतं आणि काय नाही, हे आता मला कळायला मार्ग नाही.

विट्याजवळच्या आपल्या गावातले निम्मे बाप गलाईच्या दुकानांत परमुलखात असायचे. तुमचं दुकान सेलमला. लोकांचे जुने दागिने वितळवायचे आणि त्यातलं चोख सोनं वेगळं काढायचं. दिवाळीला आणि यात्रेला तुम्ही घरी यायचात, आणि पहिले दोन दिवस तुमच्या अंगाला तेजाबाचा वास असायचा. तुमच्या दुकानात काहीच फेकायचं नसे. झाडलेला कचरा, दारातलं पायपुसणं, फाटलेले सदरे, सगळं जपून ठेवायचं आणि वर्षाच्या शेवटी जाळायचं. ती राख धुऊन मुशीत, त्या मातीच्या वाटीत, घालून तापवली की तळाशी सोन्याचा मणी निघायचा. घामाच्या सदऱ्यातून सोनं निघतं हे मला शाळेत कोणी खरं मानलं नाही, पण तुम्ही तो मणी एकदा माझ्या तळहातावर ठेवला होता. तो अजून कोमट होता असं मला आठवतं. म्हणजे तुम्ही तो सेलमहून कोमट आणलात, हे काही पटणारं नाही. पण आठवतं ते असं.

सुट्टीतल्या दुपारी आपण टीव्हीसमोर बसायचो. तुम्ही लोखंडी खाटेवर, मी खाली फरशीवर. पडद्यावर काही न पटणारं घडलं की तुमच्या बोटातली तांब्याची अंगठी खाटेच्या नळीवर दोनदा वाजायची. टक टक. दुकानात कोणाचं चुकलं की तुम्ही मुशीच्या कडेवर चिमटा असाच वाजवायचात, असं तुमच्याबरोबर दुकानात असणारे काका सांगायचे. एका नायकाने हातमोज्याच्या जाळाने लोखंडी दार वितळवलं. टक टक. "दार वितळलं, आन ह्येच्या मनगटावरचा केस जळंना? भट्टीम्होरं एक तास हुबा ऱ्हा म्हणावं." दुसऱ्याने भरलेला ट्रक एका हाताने अडवला. "ट्रक थांबंल गं, पर ह्येचं पाय गुडघ्यापातुर डांबरात जातील." आणि तो अदृश्य होणारा. त्याच्यासाठी मी तुमच्याशी दोन दिवस भांडले होते, कारण मला ती शक्ती हवी होती. तुम्ही शांतपणे म्हणालात, "उजेड त्येच्यातनं आरपार गेला, म्हंजी त्यो कुणाला दिसत न्हाई. बरं. मग त्येच्या डोळ्यात तरी उजेड कुटं थांबणार? त्यो आंधळा हुईल, पोरी. तुला कुणी बघायचं न्हाई, आन तुला बी कुणी दिसायचं न्हाई." मी आज कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, आणि एवढी भीतिदायक गोष्ट इतक्या साध्या शब्दांत सांगणं मला अजून जमलेलं नाही.

मग तो सोन्याच्या कातडीचा माणूस. वितळलेल्या सोन्याच्या हौदात पडतो, तळाशी जातो आणि पिवळाधमक होऊन वर येतो. गोळ्या लागल्या की परततात. तुमची अंगठी थांबायलाच तयार नाही. "तळाला कसा जाईल? सोनं लय जड असतंय. माणूस त्येच्यावर लाकडावानी तरंगंल, आन तरंगता तरंगता जळंल. आन सोन्यावरनं गोळी परतत न्हाई, चिखलात रुतल्यावानी रुततिया." एवढ्यावर थांबला असतात तर बरं झालं असतं. पण तुम्ही पुढे म्हणालात, "आन सोनं माणसाच्या अंगात मुरत न्हाई." मी तेव्हा दहा वर्षांची होते. मी म्हणाले, "आवं आण्णा, तुमच्या सदऱ्यात मुरतंय न्हवं? मग तुमच्यात बी मुरलं आसंल."

"कापडाला धागं असत्यात. त्यात आडकतंय. माणसाला कुटं धागं हायत?"

"कुणी जाळून बघितलंय का पर?"

आई चुलीपुढून उठली आणि उलथन्याचा एक फटका माझ्या पाठीत बसला. तुम्ही मात्र हसलात, हसता हसता खोकलात, आणि खोकला थांबल्यावर म्हणालात, "मारू नगंस तिला. बराबर इचारलंय. पोरी, मला कवातरी जाळायचंच हाय. तवा राख बघ. सोनं घावलं तर तू जितलीस. पर नमुना कोरा पायजे. बाहेरचं काय बी मिसळायचं न्हाई." आईने त्या संध्याकाळी मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकली. तुमच्यावरून की माझ्यावरून, ते आठवत नाही.

शेवटच्या वर्षी तुम्ही घरी आलात ते परत गेलाच नाहीत. तेजाबाच्या धुराने छातीचं जे करायचं ते केलं होतं. जायच्या आठवडाभर आधी तुम्ही काकांना बोलावून सांगितलंत, "माझ्या तोंडात सोनं घालू नगासा." मेलेल्याच्या तोंडात तुळशीचं पान आणि सोन्याचा कण घालायचा, आणि जन्मभर सोन्यात हात घातलेला माणूस नको म्हणतो, याचं सगळ्यांना नवल वाटलं. तुम्ही गेलात त्या दिवशी काका अंगणात लोकांना सांगत होते, "लोकांचं सोनं हाताळलं, पर जाताना कणाचा बी लोभ ठेवला न्हाई." आई रडत होती. दाराच्या चौकटीला टेकून मी एकटी उभी होते. खरं कारण मला ठाऊक होतं. तुम्ही नमुना कोरा ठेवत होता. सतरा वर्षं तुम्ही ती पैज विसरला नव्हता.

आईने तुळशीचं पान ठेवलं, पाणी घातलं. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला आम्ही सगळे गेलो. राख आपल्या रानात आंब्याच्या रोपाखाली घालायची ठरलं होतं. ती भरताना मी छातीच्या बाजूची एक मूठ कुंकवाच्या स्टीलच्या डबीत घेतली आणि पदराखाली धरली. ती डबी चौदा वर्षं माझ्या कपाटात होती. उघडायचं धाडस झालं नाही. तुम्ही जिंकला असता तर मला तुमच्याशी वाद घालायला काही उरलं नसतं.

आता परवाचं. सिनेमा सुरू होऊन अर्धा तास झाला असेल. विसाव्या मजल्यावरून पडणाऱ्या मुलीला नायकाने रस्त्यावर उभं राहून अलगद झेललं, आणि माझ्या मागे दोनदा वाजलं. टक टक. मला वाटलं कोणाची बाटली असेल. मग जाळ फेकणारे हातमोजे आले. टक टक. तिसऱ्या वेळी एक अदृश्य बाई शत्रूच्या खोलीत शिरून टेबलावरचं पत्र वाचते, तिथं वाजलं, आणि हे वाजणार हे मला आधी कळलं होतं. तुमची नात माझ्या कानाशी लागून म्हणाली, "आई, मागचे आजोबा बरोब्बर चुकीच्या जागीच वाजवतायत." मी तिला विचारलं, आजोबा आहेत हे तुला कसं कळलं. ती म्हणाली, "मघाशी खोकले की."

मी वळले नाही. उजेड झाल्यावर वळले. मागची रांग मोकळी होती. खुर्च्यांचे हात रबराचे आहेत, मी स्वतः बोटाने वाजवून बघितले, त्यातून तसा आवाज निघत नाही. बॅटरी घेऊन उभा असलेला माणूस म्हणाला, "त्या रांगेचं एकबी तिकीट गेलं नव्हतं मॅडम." तुमची अंगठी आईने गावाकडे देव्हाऱ्यात ठेवली आहे. घरी आल्याबरोबर मी फोन करून विचारलं. ती म्हणाली, हाय की हितंच, का गं?

मी घाबरले का? घाबरले. पण शिकवलं तुम्हीच आहे, म्हणून विचार केला. तुम्ही असलात, तर दिसत नाही, म्हणजे उजेड तुमच्यातून आरपार जातो. म्हणजे तुमच्याच हिशेबाने तुम्हाला मी दिसत नाही, तुमची नात दिसत नाही, पडदाही दिसत नाही. तुम्ही तिथं अंधारात बसून नुसतं ऐकत होता. ही गोष्ट मला भुतापेक्षा जास्त लागली. हे पत्रही तुम्हाला वाचता येणार नाही. म्हणून मी एकेक वाक्य मोठ्याने म्हणत लिहिते आहे. पोर शाळेत गेली आहे, घरात मी एकटी आहे, दुपारचे दोन वाजले आहेत.

काल प्रॅक्टिकल संपल्यावर मी डबी घेऊन प्रयोगशाळेत थांबले. राख तुम्ही धुवायचात तशी धुतली, गाळ टाकणखार घालून छोट्या मुशीत भट्टीत ठेवला. थंड झाल्यावर मूस फोडली. तळाशी मोहरीहून बारीक पिवळा ठिपका होता. तेजाबात टाकला. धूर नाही, रंग नाही, आहे तसाच राहिला. सोनं, आण्णा. मी स्टुलावर बसून शाळकरी पोरीसारखी रडले. तुमच्या अंगात सोनं मुरलं होतं. नमुना कोरा होता, आणि तुम्ही हरलात.

आत्ता हे वाक्य म्हटलं आणि स्वयंपाकघरात दोनदा वाजलं.

मी जाऊन बघून आले. गॅस बंद आहे, नळ बंद आहे, ओट्यावर एक वाटी पालथी आहे. काही हललेलं नाही. बरं, आण्णा. तुमच्यापासून काही लपवता येत नाही हे मला माहीत असायला हवं होतं.

मूठ छातीकडची नव्हती, डोक्याकडची होती. तुम्ही गेलात त्या दिवशी आई पाणी आणायला आत गेली आणि काका दाराशी पाहुण्यांशी बोलत होते, तेवढ्यात मी माझ्या कानातल्या झुब्याचा सगळ्यात बारीक मणी तोडून तुळशीच्या पानाखाली ठेवला. तुमचे ओठ गार होते. जिंकायला ठेवला नाही, आणि रीत म्हणूनही नाही. तुमची सगळी राख होईल आणि तिच्यात काहीच सापडणार नाही, हे मला सोसलं नसतं. नमुना मी बिघडवला. आता तो ठिपका तुमचा की माझा, हे कधीच कोणाला सांगता येणार नाही.

हे मी दोनदा मोठ्याने म्हटलं आणि कान देऊन बसले. पोर शाळेतून यायची वेळ झाली, तरी काहीच वाजलं नाही. हा कागद आता त्याच डबीत घालून ठेवते.