न वाचलेली नटी

ती. ताईस,

उभ्यानेच नमस्कार (वाकलं की कंबर धरते, तुझ्या धाकट्या बहिणीचंही आता वय झालं). तुझा रक्तदाब कसा आहे? संपादकाच्या खुर्चीत बसून कोणावर ओरडत नसशील, अशी खोटी आशा बाळगते.

वीस वर्षांपूर्वी तू म्हणाली होतीस, "तू पुस्तक वाचत नाहीस गं, नुसता वास घेतेस." मी आठवडाभर अबोला धरला होता. तो आज परत घेते.

झालं असं, की त्या महत्त्वाकांक्षी नटीवरची कादंबरी तू परीक्षणासाठी पाठवलीस. मुखपृष्ठावर आरसा, आरशात बाई, बाईच्या डोळ्यात टपोरा अश्रू. मी वास घेतला. नटी वर चढणार, माणसं तुडवणार, शेवटी एकटी पडून पस्तावणार (अशा बायकांना शेवटी रडवतातच, त्यासाठी तीनशे पानं कशाला?). साठ पानं वाचली, मनसोक्त झोडपलं आणि येत्या रविवारच्या पुरवणीसाठी तुला धाडूनही दिलं. "लेखिकेला नटी कळलेलीच नाही," हे वाक्य तर मी स्वतःलाच दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं.

मग स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. प्लंबर "दहा मिनिटांत येतो" म्हणाला, म्हणजे चार तास. एका हाताने नळावर फडकं दाबून बसले. दुसऱ्या हाताला लागलं ते हेच पुस्तक (डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारलं होतं, तुला म्हणून सांगते). पुढचं पान उघडलं. ताई, ही नटी आजारी आईच्या उशाशी बसते, जीव ओतून सेवा करते आणि करता करता आईचा खोकला शिकून घेते, नव्या नाटकासाठी! पहिल्या प्रयोगाला बरी झालेली आई समोर बसते, आपला खोकला ओळखते आणि सगळ्यांत आधी टाळी वाजवते. लेखिका नटीला शिक्षा करत नाही. माफही करत नाही. नुसती तिच्याजवळ बसून राहते.

बाबा अंथरुणाला खिळले होते, तेव्हा मी त्यांची वाक्यं वहीत उतरवून घ्यायचे. तुला वाटायचं, औषधांच्या वेळा लिहितेय.

प्लंबर आला तेव्हा मी हुंदके देत होते. तो बिचारा घाबरला. म्हणाला, "मॅडम, एवढं मनाला लावून घेऊ नका, नुसता वॉशर गेलाय."

बाकी सर्व ठीक. भावजींना नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. काल लेखिकेचा फोन आला होता. पहिलंच पुस्तक आहे तिचं. "रविवारी तुम्ही लिहिताय ना? आईला सांगून ठेवलंय, रोज विचारते रविवार कधी म्हणून." मी म्हणाले, "हो हो, अवश्य वाचा." आवाज अजिबात कापला नाही.

ता. क. आणखी एक. सोबत नवं परीक्षण आहे. पूर्ण पुस्तक वाचून लिहिलंय, आणि आधीचं साठ पानांवर उरकलं होतं, हेही त्यात माझ्या नावानिशी कबूल केलंय. उद्या सकाळी पान छपाईला जातं, आणि एकदा लावलेलं पान तू स्वतःच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा नव्या मजकुरासाठी मोडू दिलं नव्हतंस, हे मला पाठ आहे. म्हणून समोर न येता पत्र तुझ्या दारावरच्या पहारेकऱ्याकडे ठेवतेय. तू नाहीच म्हणशील. तरी विचारते, ताई, एकदाच पान मोडशील?