कोणालाही माहीत नव्हतं

प्रिय दादा,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते आहे असं समजू नकोस. उचलला असतास तरी हे मला बोलून सांगता आलं नसतं. बाबांना जाऊन चौदा महिने झाले. पहिल्या महिन्यात आपण दोनदा बोललो, नंतर नाही. त्यांचे शेवटचे आठ महिने तुझ्याकडे जायचे होते, ते इथे गेले. त्याचा राग तू धरला आहेस आणि तो चुकीचा नाही. मला त्या आठ महिन्यांबद्दलच लिहायचं आहे. पण त्याआधी माझ्या कामाबद्दल थोडं सांगावं लागेल. तू ते कधी नीट विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. घरात सगळ्यांच्या लेखी मी विद्यापीठात टायपिंग करते.

आमची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. चार टेबलं, एक प्रिंटर, आणि शेजारच्या खोलीत रक्ताच्या नमुन्यांचे फ्रीज दिवसभर गुरगुरत असतात. डॉक्टर मंडळी नवीन औषधाच्या चाचणीचा आराखडा आणून देतात. दीडशे पानं असतात. मी त्याची आठ पानं करते, आजारी माणसाला वाचता येतील अशी. त्यात काय असतं ते तुलाही सांगते. औषध खरंच चालतं का हे बघायला रुग्णांचे दोन गट करतात. कोण कुठल्या गटात ते कॉम्प्युटर चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतो. एका गटाला औषध मिळतं, दुसऱ्याला तशीच दिसणारी, त्याच रंगाची, औषध नसलेली कॅप्सूल. नेहमीचे उपचार दोघांचेही चालू राहतात. आपल्याला काय मिळतं आहे हे रुग्णाला कळत नाही. डॉक्टरलाही नाही, नर्सलाही नाही. यादी कुलूपबंद असते. कारण आपल्याला औषध मिळतंय हे कळलेल्या माणसाला नुसत्या त्या कळण्यानंच बरं वाटायला लागतं, आणि डॉक्टरला कळलं तर तो त्याच नजरेनं तपासतो. शेवटच्या पानावर ठळक अक्षरात असतं की कोणीही, कधीही, कारण न देता यातून बाहेर पडू शकतो.

पत्रक लिहून झालं की आमच्याकडे एक नियम आहे. ते बाहेरच्या एका माणसाला वाचून दाखवायचं आणि त्यानं ते स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं. तो चुकला तर वाक्य चुकलं असं धरायचं आणि वाक्य बदलायचं. माझा बाहेरचा माणूस म्हणजे बाबा. तुला हे माहीत नसेल. सहा वर्षं, दर दोन-तीन महिन्यांनी, जेवणाच्या टेबलावर. ते चष्मा पुसून बसायचे, हात धुऊन आले तरी नखांत लिफ्टचं ग्रीस असायचंच. त्यांना तो नियम फार आवडला होता. चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या, दर वेळी चूक माझीच निघाली, आणि इथे मी चुकलो तर चूक कागदाची, अशी नोकरी आधी का नाही शोधलीस म्हणायचे. एकदा मी 'विद्यापीठपुरस्कृत अभ्यास' असं वाचलं तर म्हणाले, अरे वा, बक्षीस कधी मिळालं? मी ते खोडलं आणि लिहिलं की हा अभ्यास विद्यापीठ स्वतः करतं आहे, त्याची जबाबदारी विद्यापीठावर आहे, औषध विकणारी कोणतीही कंपनी यामागे नाही. आज सगळ्या पत्रकांवर तेच वाक्य जातं. आणि इतकं सगळं ऐकून शेवटी म्हणायचे, लिहा, लिहा. लिफ्टमध्येही लिहिलेलं असतं आठ माणसं. तेरा घुसतात.

मग त्यांना धाप लागायला लागली. फुफ्फुसं आतून कडक होत जाणारा आजार, हे तुला ठाऊक आहे. त्यावर आमच्याकडे चाचणी चालू होती आणि तिचं पत्रक बाबांनीच ऐकलेलं होतं, आजार कळायच्या वर्षभर आधी. बाबांना त्यात घ्यायचं का, असं मोठ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी नात्याची नोंद केली आणि त्या दिवसापासून त्या अभ्यासाच्या कागदांना हात लावायची मला मनाई झाली. संमतीच्या वेळी, म्हणजे रुग्णाकडून पत्रक त्याच्या शब्दांत परत ऐकतात तेव्हा, मी बाहेर बाकावर बसले होते. नर्स बाहेर आली ती हसतच. म्हणाली, तुमच्या वडिलांइतकं स्वच्छ आजवर कोणी सांगितलं नाही, आम्हालाच शिकवून गेले. मला अभिमान वाटला, दादा. माझ्या लक्षात यायला हवं होतं की ते पाठ होतं. ते पुन्हा एकदा माझा कागद तपासून देत होते. बसस्टॉपवर मला म्हणाले, ते लोकांसाठी झालं, आपलं काय ते तू बघशीलच. मी हसले. ते चेष्टा केल्याशिवाय बोलायचेच कधी?

तू चाचणीच्या तिसऱ्या महिन्यात आलास. दोन तिकिटं काढूनच आलास. तुझ्याकडे तळमजल्यावरची खोली रिकामी केली आहेस, समोर झाडं आहेत, वहिनी दिवसभर घरी असते, मुलं आजोबांची वाट बघताहेत, असं सगळं तू त्यांना सांगितलंस आणि ते लहान मुलासारखे ऐकत होते. आमच्या तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नाही. आयुष्य लिफ्टमध्ये गेलं आणि घर बघा, असं ते प्रत्येक पाहुण्याला ऐकवायचे. जिना चढताना तेव्हा दोनदा थांबायचे. जाणं योग्य होतं. मला ते कळत होतं. चाचणीतून बाहेर पडायला सहीसुद्धा लागत नाही, नुसतं सांगायचं. हे वाक्यही माझंच आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू बॅगेला पट्टा आणायला बाहेर गेलास. बाबा स्वयंपाकघरात आले. मी भांडी विसळत होते. खुर्चीवर बसून धाप ओसरेपर्यंत थांबले. मग म्हणाले, हे बघ, तू आतली आहेस. मला खरी कॅप्सूल लागली आहे का रिकामी? रिकामी असेल तर मी त्याच्याबरोबर जातो, उगाच इथे कशाला हाल करून घ्यायचे? खरी असेल तर राहतो. ते चेष्टा करत नव्हते. मी नळ बंद केला. सहा वर्षं ज्यांनी मला दर वेळी कोणालाच माहीत नसतं, कोणालाच माहीत नसतं असं बिनचूक परत सांगितलं होतं, ते हे विचारत होते. त्यांना ते कधीच पटलेलं नव्हतं. दोन रांगा असतात आणि आपलं माणूस आत असलं की आपल्याला बऱ्या रांगेत उभं करतं, एवढंच त्यांनी धरलं होतं. लोकांसाठी नियम, आपल्यासाठी मुलगी.

मी म्हटलं, खरी आहे.

त्यांनी मान हलवली. ठीक आहे म्हणाले, आणि चहा टाक म्हणाले.

तू परत आलास तेव्हा त्यांनी तुला सांगितलं की जात नाही, पोरीनं आतून बघून घेतलंय, औषध लागू पडतंय. तू माझ्याकडे बघितलंस. तुला वाटलं मी त्यांच्यासाठी नियम मोडला, आणि मला अजून आठवतं, तू खालच्या आवाजात 'बरं केलंस' म्हणालास. दोन तिकिटं खिशात घालून एकटा परत गेलास. मी काही बघितलेलं नव्हतं. बघायची सोयच नाही. मी खोटं बोलले. त्यांना आशा मिळावी म्हणून बोलले असं कधी कधी मी स्वतःला सांगते. चाचणीतून तोवर सातजण निघून गेले होते आणि आणखी गेले तर अभ्यासाला अर्थ राहणार नाही असं डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, तेही कारण मी वापरून बघितलं आहे. दोन्ही टिकत नाहीत. मला ते घरात हवे होते. संध्याकाळी कुलूप उघडून रिकाम्या घरात शिरायचं नव्हतं. एवढंच होतं.

पुढचे आठ महिने तुला तुकड्यातुकड्यांनी माहीत आहेत. दर पंधरा दिवसांनी तपासणी. तीन मजले उतरायचे आणि चढायचे. सहाव्या महिन्यात प्रत्येक मजल्यावर मी खुर्ची ठेवली, शेजाऱ्यांनी काही म्हटलं नाही. चाचणीच्या डायरीत ते स्वतः लिहायचे: कॅप्सूल घेतली, इतक्या वाजता, बरं वाटलं. बरं वाटत नव्हतं. पण तसं लिहिलं तर माझ्यावर ठपका येईल, खरी कॅप्सूल देऊनही म्हातारा सुधारत नाही म्हणून कोणीतरी चौकशी करेल, अशी त्यांना धास्ती होती. मला वाचवायला ते खोटं लिहीत होते. हे त्यांनी मला नवव्या महिन्यात सांगितलं. तेव्हाही मी खरं सांगितलं नाही. एकदा त्यांनी विचारलं, तिकडे झाडं कसली आहेत म्हणाला होता तो? मला आठवलं नाही. तुला फोन करून विचारू का म्हटलं तर नको म्हणाले. अकराव्या महिन्यात, मंगळवारी सकाळी, तपासणीला निघायचं म्हणून बूट घालायला बसले आणि तिथेच गेले. एक बूट पायात होता. तू संध्याकाळी पोचलास. नंतर फोनवर तू विचारलंस की मग तुझ्या त्या खऱ्या औषधाचं काय झालं, आणि मी म्हटलं की प्रत्येकाची प्रकृती वेगळी असते. त्यानंतर आपण बोललो नाही.

या आठवड्यात तुझ्या पत्त्यावर विद्यापीठाचं पाकीट येईल. निकाल कोणाला कळवायचा त्या रकान्यात बाबांनी तुझं नाव घातलं होतं. मला आत राहून कळेलच असं त्यांनी धरलं असणार. आत दोन पानं आहेत. अभ्यास संपल्यावर माझ्यावरची मनाई उठली आणि सोप्या भाषेत निकाल लिहायचं काम माझ्याकडेच आलं. दोनशे बारा माणसांनी भाग घेतला. औषध घेणारे आणि न घेणारे यांच्यात काहीही फरक दिसला नाही. या औषधाचा उपयोग होत नाही. म्हणजे बाबा कुठल्याही गटात असते तरी तेवढेच जगले असते, आणि तुझ्याबरोबर गेले असते तर ते दिवस त्यांनी तुझ्या खोलीत, झाडांसमोर काढले असते. दुसऱ्या पानावर लिहिलं आहे की अभ्यास पूर्ण होईपर्यंत कोणाला काय मिळतं आहे हे रुग्णांना, डॉक्टरांना किंवा कचेरीतल्या कोणालाही माहीत नव्हतं. ते वाक्य गाळता येत नाही. ते वाचलंस की तुला कळेल, आणि ते तुला छापील कागदातून कळू नये म्हणून हे पत्र. बाबा कोणत्या गटात होते हे तुला लिहून मागवता येईल, मला नाही. मागवलंस तर तुझ्यापाशी ठेव. त्यांना खरी कॅप्सूल होती असं निघालं तरी मी बोलले तेव्हा मला ते माहीत नव्हतं. कचेरीत मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. तक्रार कुठे करायची त्याचा पत्ता दुसऱ्या पानाच्या तळाशी आहे. माझं नाव, माझा विभाग तुला ठाऊक आहे. तू लिहिलंस तर मी काही नाकारणार नाही.

तुला चालत असेल तर अजून तुझीच,
धाकटी