नव्वद टक्के पांढरा

दि. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आम्ही सगळे बरे आहोत. बाबांचा गुडघाही आता जिना चढू देतो. आज लिहायचं कारण तुझ्या आवडीचं आहे. माझी खाऱ्या पाण्याची टाकी तीन महिन्यांत स्थिरावली आणि परवा प्रवाळाचे पाच तुकडे आणून दगडांवर चिकटवले. तुझ्या टाकीला नऊ वर्षं झाली, म्हणजे या विषयातली तू आमची आजी. रागावू नकोस.

खरी गंमत बाबांची. दिव्याचा कंट्रोलर पाहिला आणि त्यांनी तो माझ्या हातातून काढूनच घेतला. नाटकांच्या दिव्यांपाशी पस्तीस वर्षं उभा राहिलेला माणूस, त्याला निळ्याचं आणि पांढऱ्याचं अशी दोन वेगळी बटणं मिळाली, मग काय विचारता. जेवणाच्या टेबलाची खुर्ची टाकीसमोर ओढली आहे. हिला हाक मारून सांगतात की पहाट एकदम होत नसते, ती अंगावर येत येत होते. निवृत्त झाल्यापासून इतकं खुशीत मी त्यांना पाहिलं नव्हतं.

पण प्रवाळाला किती उजेड चालतो हे ना त्यांना ठाऊक ना मला. किती वाजता सुरू, किती टक्के, किती तास, असं वेळापत्रक करून पाठव. तू सांगशील ते डोळे झाकून लावू, असं बाबा म्हणतात.

माया आहे तशी असू दे.
तुझा
धाकटा


दि. ९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र दुकानातून आल्यावर वाचलं, मग पुन्हा एकदा वाचलं. पाच तुकडे एकदम आणलेस. मी पहिल्या वर्षी एक आणला होता. असो, ज्याची त्याची हौस.

बाबा खुर्ची ओढून बसतात याचं नवल वाटलं. मागच्या वर्षी माझ्याकडे सतरा दिवस होते. टाकीकडे पाठ करून पेपर वाचायचे. मी मुद्दाम निळा दिवा लावून चमकणारं प्रवाळ दाखवलं, तर छान आहे म्हणाले आणि चहा मागितला.

तू तेव्हा पाळण्यात होतास, तुला आठवणार नाही. तालमीला बाबा मला शेजारच्या स्टुलावर बसवायचे आणि कुठला दिवा कधी मंद करायचा ते माझ्या कानात सांगायचे. पहाट अंगावर येत येत होते, हे वाक्य माझं आहे. म्हणजे, मला सांगितलेलं. ते आता तुझ्या जेवणघरात ऐकू येतं. आनंद आहे.

वेळापत्रक असं. सकाळी आठला दोन्ही दिवे सुरू. नऊपासून पांढरा नव्वद टक्के, तो रात्री आठपर्यंत. पहिल्या दिवसापासून असंच ठेवा, मध्ये बदलू नका. बाबांना म्हणावं, इथे पहाटेचे खेळ नकोत, प्रवाळाला भरपूर उजेड लागतो.

वहिनीला माझी आठवण सांग. तुम्हीही अधूनमधून माझी काढत जा.
ताई


दि. २७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बातमी चांगली नाही. तू लिहिलंस तसंच लावलं होतं, एक टक्काही इकडचा तिकडे केला नाही. आठव्या दिवशी जांभळा तुकडा फिका पडला. आता पाचांतले तीन हाडासारखे पांढरे झालेत आणि काचेवर शेवाळ धरलं आहे. उरलेल्या दोघांनी अंग आक्रसून घेतलं आहे.

त्याहून वाईट म्हणजे बाबांनी सगळं स्वतःवर घेतलं. म्हणतात, ताईने बरोबरच लिहिलं असणार, माझाच हात चुकला, आता बटणं दिसत नाहीत. मी दोनदा तुझं पत्र आणि कंट्रोलर शेजारी धरून दाखवलं, आकडे जुळतात, तरी ऐकत नाहीत. खुर्ची टेबलाला परत लावली. काल स्वतःच्या खोलीतला दिवा लावायलाही हिला हाक मारली. मी लावला तर काहीतरी बिघडेल, म्हणाले.

ताई, घाईत काही लिहायचं राहिलं का? मी रागावून विचारत नाही. फक्त लवकर कळव, आणि लोभ कमी करू नकोस.
धाकटा


दि. २ मार्च

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र धाकट्यालाही वाचायला द्या. आधी कामाचं. पांढरा दिवा आजच बंद करा. निळा फक्त तीस टक्के, सकाळी दहा ते दुपारी चार. तुकडे जागचे हलवू नका. पंधरा दिवसांनंतर दर आठवड्याला पाच-पाच टक्के वाढवा. नव्या प्रवाळाची सुरुवातच अशी हळूहळू करायची असते.

हे मला नऊ फेब्रुवारीलाही माहीत होतं. तुमचा हात चुकला नाही, बाबा. मी दिवसभर लोकांच्या चष्म्याचे नंबर काढते, पाव नंबरचीही चूक करत नाही. नव्वद हा आकडा मी विचार करून लिहिला. तुकडे मरावेत असं माझ्या मनात नव्हतं. पण टाकी जरा बिघडावी, धाकट्याला कळावं की हे तीन महिन्यांत जमत नाही, आणि तुम्ही तिथून उठावं, एवढं मला हवं होतं. तुम्ही उठलात. ते वाचलं त्या दिवशी दुकानात मला गिऱ्हाइकांकडून फळ्यावरची अक्षरं वाचून घेता येईनात.

अठ्ठेचाळीस वर्षांची बाई धाकट्या भावाचा हेवा करते, हे लिहिताना लाज वाटते. पण तुम्ही त्याच्या टाकीसमोर बसता हे मला सोसलं नाही. माझ्याकडे सतरा दिवसांत एकदाही का बसला नाहीत? हे तेव्हाच विचारायला हवं होतं.

जमेल तेव्हा पोटात घाला.
ताई


दि. १२ मार्च

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

पत्र आम्ही तिघांनी वाचलं. धाकटा फार रागावला आहे. त्याला एवढ्यात लिहू नकोस, त्याला वाटेल तेव्हा तो लिहील. दोन दिवस मीही तुझं नाव काढलं नाही. दोन तुकडे गेले, ते त्याने स्वतः काढले. तिसऱ्याच्या बुडाशी थोडा तपकिरी रंग परत येतो आहे. तू पाठवलेले नवे आकडे त्याने आधी दुसऱ्या जाणकाराला विचारले, मगच लावले. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

नव्वद वाचताच मला खटकलं होतं. एवढा उजेड मी कुठल्याही नटाच्या तोंडावर पहिल्या प्रवेशात टाकला नसता. पण आकडा तुझा होता. तू स्टुलावर बसायचीस तेव्हापासून तुझं सांगणं मी कधी पडताळलं नाही. म्हणून लावला. हे तुला टोचावं म्हणूनच लिहितो आहे.

आता तू विचारलंस ते. तुझ्याकडे आलो त्या संध्याकाळी मी तुझ्या टाकीच्या दिव्याकडे हात नेला. तू माझं मनगट धरून हात बाजूला केलास आणि म्हणालीस, बाबा, सगळं बसवलेलं आहे, तुम्ही काही करू नका. तुझं बरोबरच होतं. पण मग मी तिथे बसून काय करू? नुसतं बघणं मला कधी जमलं नाही. पस्तीस वर्षांत एक नाटक प्रेक्षकांत बसून पाहिलेलं नाही. म्हणून पेपर वाचत बसलो. तेव्हाच बोललो असतो तर बरं झालं असतं.

पुढच्या महिन्यात तुझ्याकडे येतो. दहा दिवस राहीन आणि तेवढे दिवस दिवे माझ्याकडे. चुका होतील. तेव्हा मनगट धरू नकोस, काय चुकलं ते सांग.

तुझा,
बाबा